वर्तुळाचे पाठभेद : वारली चित्रांच्या डिजिटल प्रतिमा आणि पिक्सेलचे गुणोत्तर

प्रस्तावना

पालघर तालुक्यातील सरावली हे बोईसरला लागून, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरात वसलेले गाव होय. येथील कारखान्यांत काम करणाऱ्या कामगाराला मापाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. यंत्राचा एखादा सुटा भाग ठरलेल्या मापापेक्षा शेकडा सहा-सात भागांनी अरुंद निघाला, तर तो बाजूला काढला जातो. त्यावर वाद होत नाही. याच परिसरातून उत्तरेस डहाणू-तलासरीकडे आणि पूर्वेस विक्रमगड-जव्हारकडे निघाले की वारली समाजाचे पाडे लागतात. तेथे लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखाटला जातो. त्यासाठी पट्टी लागत नाही, कंपास लागत नाही. रेखाटणाऱ्या स्त्रीचा हात हेच तेथील माप असते. मापाच्या दोन भिन्न संस्कृती इतक्या जवळ नांदतात, हे या परिसराचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

या दोन संस्कृती आज संगणकाच्या पडद्यावर एकत्र येतात. चौकाचे छायाचित्र किंवा चित्रफितीतून काढलेली स्थिर प्रतिमा महाविद्यालयाच्या संगणकावर येते, तिच्यावर संपादनाचे संस्कार होतात आणि ती प्रबंधात, प्रकल्प-अहवालात, भित्तिपत्रकावर अथवा व्याख्यानाच्या पडद्यावर प्रकट होते. या प्रवासात कारखान्यात क्षणभरही खपली नसती अशी चूक कोणाच्याही लक्षात न येता चित्रात शिरते. चित्र एका दिशेने दबते अथवा ताणले जाते, वर्तुळ लंबवर्तुळ होते आणि अभ्यासक मात्र त्या लंबवर्तुळालाच मूळ समजून त्याचे सौंदर्य उलगडू लागतो.

या चुकीचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे पिक्सेलचे रुंदी-उंची गुणोत्तर. हा विषय तंत्रज्ञांचा मानून कलासमीक्षेने व लोकसाहित्याच्या अभ्यासाने तो बाजूस ठेवला आहे. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा विषय आहे. ही भूमिका स्पष्ट करणे आणि वारली चित्रांच्या संदर्भात तिचे परिणाम तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

चौरस नसलेला पिक्सेल

डिजिटल चित्र हे आडव्या ओळी आणि उभे रकाने यांत मांडलेल्या नमुन्यांचे कोष्टक असते. प्रत्येक नमुन्याला पिक्सेल म्हणतात. फाइलमध्ये पिक्सेलची संख्या व त्यांचे रंग नोंदलेले असतात. पण एक पिक्सेल पडद्यावर किती रुंद आणि किती उंच दिसावा, हे त्या संख्येवरून कळत नाही. पिक्सेलची रुंदी भागिले उंची म्हणजे त्याचे गुणोत्तर. स्थिर छायाचित्रे घेणाऱ्या आजच्या कॅमेऱ्यांत व मोबाइल फोनमध्ये हे गुणोत्तर सामान्यतः १ असते, म्हणजे पिक्सेल चौरस असतो. त्यामुळे तो सर्वत्र चौरसच असतो असा समज रूढ झाला. हा समज दूरचित्रवाणी आणि चित्रफीत यांच्या इतिहासाला धरून नाही.

१९८२ मध्ये दूरचित्रवाणीच्या डिजिटल अंकनासाठी एक आंतरराष्ट्रीय शिफारस तयार झाली. भारतात व युरोपात प्रचलित असलेली ६२५ ओळींची पद्धत आणि अमेरिका व जपान येथील ५२५ ओळींची पद्धत या दोहोंसाठी तीत नमुने घेण्याचा वेग एकच ठेवण्यात आला : सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने, म्हणजेच १३.५ मेगाहर्ट्झ. परिणामी दोन्ही पद्धतींत एका ओळीत ७२० नमुने आले. उभ्या दिशेने मात्र चित्राच्या ओळी एकीत ५७६, तर दुसरीत सुमारे ४८० राहिल्या. दोन्ही पद्धतींची चौकट ४:३ याच प्रमाणाची होती. आडवे नमुने समान, उभ्या ओळी असमान आणि चौकट मात्र एकच. या तीन अटी एकत्र पाळल्यावर पिक्सेल चौरस राहणे शक्य नव्हते. आपल्याकडील पद्धतीत तो किंचित रुंद झाला, अमेरिकी पद्धतीत किंचित अरुंद. म्हणजेच हा आकार सौंदर्यदृष्टीने ठरलेला नाही; दोन प्रसारण-पद्धतींमधील व्यवहार्य तडजोडीतून तो निघाला आहे.

याचे गणित सोपे आहे. ५७६ ओळींच्या ४:३ चौकटीत चौरस पिक्सेल बसवायचे तर एका ओळीत ७६८ पिक्सेल हवेत. प्रत्यक्षात ते ७२० आहेत. ७६८ भागिले ७२० म्हणजे सुमारे १.०६७. मात्र येथे आणखी एक बारकावा आहे. ६२५ ओळींच्या पद्धतीत एका ओळीतील प्रत्यक्ष चित्राचा काळ सुमारे ५२ मायक्रोसेकंद असतो आणि तेवढ्या वेळात १३.५ मेगाहर्ट्झ वेगाने ७०२ नमुने घेतले जातात. उरलेले १८ नमुने कडेची मोकळी जागा होत. या हिशेबाने ७६८ भागिले ७०२ म्हणजे सुमारे १.०९४ हे गुणोत्तर मिळते. एकाच प्रतिमेसाठी दोन गुणोत्तरे पुढे येतात आणि दोहोंमागे तर्क आहे.

फोटोशॉप या प्रचलित आज्ञावलीच्या इतिहासात या दुविधेचे प्रतिबिंब पडलेले दिसते. २००३ मध्ये आलेल्या सीएस आवृत्तीपासून तिच्यात चौरस नसलेल्या पिक्सेलची सोय झाली. आपल्याकडील पद्धतीसाठी तीत सुमारे १.०७ हे मूल्य होते. २००८ च्या सीएस४ आवृत्तीत ते बदलून सुमारे १.०९ करण्यात आले. चित्रफितीतून काढलेली ७२० बाय ५७६ पिक्सेलची एकच प्रतिमा चौरस पिक्सेलमध्ये रूपांतरित केली असता जुन्या मूल्याने ७६८ बाय ५७६ होईल, तर नव्या मूल्याने सुमारे ७८८ बाय ५७६ होईल. दोन महाविद्यालयांतील दोन अभ्यासकांनी निष्ठेने काम केले तरी त्यांच्या हाती दोन वेगळी चित्रे पडतील. आपले चित्र वेगळे आहे, हे दोघांनाही कळणार नाही.

याच आज्ञावलीत पिक्सेलच्या गुणोत्तरानुसार पडद्यावरील दृश्य सुधारून दाखवण्याची एक सोय आहे. ती केवळ दृश्यापुरती असते. फाइलमधील नमुन्यांत तिच्यामुळे बदल होत नाही. संपादकाला पडद्यावर वर्तुळ गोल दिसते आणि तो निश्चिंत होतो. तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली अथवा छपाईला गेली की वर्तुळ पुन्हा दबते. जेपीईजी फाइलच्या शीर्षभागात गुणोत्तराची नोंद करण्याची सोय आहे खरी. पण चित्र दाखवणारे अनेक प्रोग्रॅम त्या नोंदीकडे पाहत नाहीत. नोंद असूनही वाचली न जाणे हा अनुभव ग्रंथालयात काम करणाऱ्या अभ्यासकाला नवा नाही.

एकाच फाइलचे दोन पाठ

हस्तलिखिताची पाने तीच असली तरी वाचकागणिक पाठ बदलू शकतो. डिजिटल चित्राच्या बाबतीतही असेच घडते. ७२० बाय ५७६ या मापाची फाइल ४:३ चौकटीची असू शकते, तशीच ती १६:९ या रुंद चौकटीचीही असू शकते. पिक्सेलची संख्या दोन्हीकडे एकच असते. पहिल्या वाचनात पिक्सेलचे गुणोत्तर सुमारे १.०७ ते १.०९ असते, दुसऱ्या वाचनात ते १.४२ च्या पुढे जाते. १४४० बाय १०८० ही फाइल तर याहून फसवी आहे. चौरस पिक्सेल धरले तर ती बरोबर ४:३ प्रमाणाची, एखाद्या साध्या छायाचित्रासारखी दिसते. ती एचडीव्ही पद्धतीच्या कॅमेऱ्यातून आलेली असेल तर तिचा पिक्सेल १.३३ इतका रुंद आहे आणि चौकट १६:९ ची आहे. फाइलमधील एकही नमुना न बदलता चित्राचे दोन अर्थ संभवतात. कोणता खरा, हे चित्र सांगत नाही. ते चित्र कोठून आले याची नोंदच सांगू शकते.

येथे पाठचिकित्सेची आठवण होणे अपरिहार्य आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मराठीतील संपादनाची परंपरा इतकी जुनी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. वि. सी. सुकथनकर यांच्या नेतृत्वाखाली तिची जी कार्यपद्धती सिद्ध झाली, तिचे सार असे की प्रतींची परंपरा तपासल्याशिवाय पाठ ठरवू नये आणि एखादा पाठ खटकतो एवढ्यावरून तो बदलू नये. मराठीत ग्रंथाच्या संपादनालाही आणि छायाचित्राच्या संपादनालाही ‘संपादन’ हाच शब्द आहे. हस्तलिखितालाही आणि छायाचित्राच्या नकलेलाही ‘प्रत’ हाच शब्द आहे. भाषेने जोडलेले हे नाते अभ्यासव्यवहारात मात्र तुटलेले दिसते. ओवीतील एका अक्षरासाठी चार प्रती पाहणारा अभ्यासक त्याच प्रबंधातील चित्र पानावर बसावे म्हणून वर्डमध्ये बाजूच्या खुणेला धरून ओढतो आणि आपण पाठ बदलला आहे, हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

चौक, वर्तुळ आणि हाताचे माप

वारली चित्रांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष गंभीर का ठरतो, हे पाहणे आवश्यक आहे. लग्नचौक हा विवाहविधीचा अनिवार्य भाग मानला जातो. गेरू अथवा शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर सवासिणी तांदळाच्या पिठाने चौकोन रेखाटतात, त्याच्या कडा नक्षीच्या पट्ट्यांनी भरतात आणि मध्यभागी पालघट देवीची आकृती काढतात. शेजारच्या देवचौकात घोड्यावरील पंचशिऱ्या देव असतो. धवलेरी विवाहाची गाणी गाते. विधी संपल्यावर चौक जपून ठेवण्याची कल्पनाच परंपरेत नाही. धूर, ओल आणि पुढचे सारवण त्याला पुसून टाकतात.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी विधीच्या चौकटीबाहेर स्वतंत्र चित्ररचना घडवली. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री लाभली. पॅरिस येथील १९८९ च्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रविश्वावरील इंग्रजी ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. कागदावरील चित्रे संग्रहांत टिकून आहेत. त्यांची प्रतिकृती चुकली तर मूळ चित्राशी ताडून पाहता येते. भिंतीवरील चौकाला ही सोय नाही. पुसल्या गेलेल्या चौकाचे छायाचित्र किंवा त्या लग्नाची चित्रफीत हीच त्याची एकमेव प्रत होय. १९९५ नंतर प्रचारात आलेल्या डीव्ही फितींवर किंवा व्हीसीडीवर असे चित्रण असेल, तर त्यातील पिक्सेल चौरस नाहीत. ३५२ बाय २८८ मापाच्या व्हीसीडीतही तो सुमारे १.०९ इतका रुंद असतो. अशा फितीवरून काढलेली स्थिर प्रतिमा रूपांतराशिवाय छापली तर चौक उभट होतो.

उभट होण्याचे प्रमाण ठोसपणे मांडता येते. १६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ १.०६७ गुणोत्तराच्या प्रतिमेत असेल आणि ती प्रतिमा चौरस पिक्सेल समजून छापली, तर त्याची उंची १६ राहते व रुंदी १५ होते. १.०९४ हे गुणोत्तर खरे धरल्यास रुंदी साडेचौदाच्या आसपास येते. याउलट ४:३ चौकटीतील चित्रण १६:९ पडद्यावर ताणून दाखवले, तर १२ सेंटिमीटर उंचीचे वर्तुळ १६ सेंटिमीटर रुंद होते. वारली मानवाकृती टोकाशी जुळलेल्या दोन त्रिकोणांची असते. त्या त्रिकोणाचा कंबरेकडील कोन ६० अंशांचा मानला, तर पहिल्या विकृतीत तो सुमारे ५७ अंश होतो आणि दुसरीत सुमारे ७५ अंश. पहिल्या प्रतिमेतील नर्तक सडपातळ वाटतो, दुसऱ्या प्रतिमेतील नर्तक जड आणि बसका. रेषेवरही असाच परिणाम होतो. बांबूच्या काडीने काढलेली रेषा बहुधा एकसारख्या जाडीची असते. ताणलेल्या प्रतिमेत उभ्या रेषा जाड होतात आणि आडव्या तशाच राहतात. ‘चित्रकर्तीने उभ्या रेषांना अधिक वजन दिले आहे’ असे एखाद्या समीक्षकाने लिहिले, तर त्याचे निरीक्षण प्रतिमेपुरते अचूक आणि चित्राबाबत पूर्णतः चुकीचे ठरेल.

‘दुरुस्ती’चा धोका

यावर एक सोपा उपाय सुचवला जाण्याची शक्यता आहे. वारली चित्रांत वर्तुळ आणि चौकोन आहेतच. तेव्हा वर्तुळ गोल दिसेपर्यंत आणि चौक चौरस होईपर्यंत प्रतिमा ओढावी म्हणजे गुणोत्तर आपोआप साधेल. हा उपाय वरवर शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात तो मूळ चुकीपेक्षा घातक आहे.

त्याचे कारण वारली चित्राच्या स्वरूपातच आहे. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीन भूमितीय आकारांवर ही कला उभी आहे, हे सूत्र पाठ्यपुस्तकांतून व परिचयपर लेखांतून इतके रूढ झाले आहे की हे आकार भूमितीच्या पुस्तकातल्याइतकेच काटेकोर असणार, असे वाचक गृहीत धरतो. भिंतीवरील चौक तसा नसतो. भिंत सपाट नसते, हात एका ठिकाणी उंच पोहोचतो तर दुसऱ्या ठिकाणी वाकतो, अनेक जणी मिळून एक चौक पूर्ण करतात. चौकाची एक बाजू दुसरीपेक्षा लांब असू शकते. तारप्याभोवती फिरणाऱ्या नर्तकांची मालिका तर बऱ्याचदा वर्तुळ नसतेच. ती आत वळत जाणारी वलयरेषा असते. अशा चित्राला संगणकावर ओढून काटेकोर चौरस करणे म्हणजे चित्रकर्तीच्या हाताचे माप पुसून तेथे भूमितीच्या पुस्तकाचे माप बसवणे होय. संपादक आपल्या अपेक्षेप्रमाणे पाठ ‘शुद्ध’ करतो आणि ती अपेक्षाच पुढे पुरावा म्हणून परत येते. मग अभ्यासक लिहितो की वारली चौक चौरस असतात. पुरावा म्हणून तो ज्या प्रतिमा देतो, त्या त्याच समजुतीने चौरस केलेल्या असतात.

प्रश्नाचा गाभा येथे आहे. छापील अक्षर अथवा गाडीचे चाक विकृत झाले तर डोळा ते पकडतो, कारण मूळ आकाराची खात्री असते. हाताने काढलेल्या चित्रात यंत्राने केलेली सहा ते नऊ टक्के विकृती हाताच्या नैसर्गिक कमी-जास्तपणात मिसळून जाते. ती चित्रातून शोधता येत नाही आणि म्हणून चित्राच्या आधारे दुरुस्तही करता येत नाही. तिचा शोध चित्राबाहेरच्या पुराव्यानेच लागू शकतो.

चौकावर रेखाटणाऱ्या सवासिणींची नावे लिहिलेली नसतात. त्यांच्या हाताच्या हालचालीने ठरलेली प्रमाणे हीच त्यांची सही असते. कागदावर चित्रे काढणाऱ्या पुरुष चित्रकारांना नावे मिळाली, पुरस्कार मिळाले आणि ते योग्यच झाले. भिंतीवरील चित्रकर्तीच्या वाट्याला यांपैकी काही आले नाही. आलीच असेल तर एखादी चित्रफीत. त्या फितीतील चौक ओढूनताणून सारखा केला, तर तिची उरलीसुरली ओळखही जाते. तंत्रज्ञानाच्या दुर्लक्षित तपशिलाचा असा नैतिक परिणाम संभवतो, याची दखल समीक्षेने घेणे अगत्याचे आहे.

एक आक्षेप आणि त्याचे परीक्षण

लोककला ही बदलत राहणारी कला आहे, तिच्याकडे टक्केवारीने पाहणे हा अतिरेक आहे, असा आक्षेप घेतला जाईल. आजचे वारली चित्रकार स्वतः साडी, कप, लग्नपत्रिका, कुंपणाच्या लांबलचक भिंती यांच्या आकारानुसार आकृती लांबवतात किंवा आखडतात. मग संगणकाने तेच केले तर बिघडले कोठे?

आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. कुंपणाच्या लांब भिंतीवर चित्र काढताना चित्रकार नर्तकाला आडवा ताणत नाही. तो रांगेत आणखी नर्तक जोडतो. साडीच्या काठावर आकृती लहान करताना तो तिचे अवयव नव्याने मांडतो. हा चित्रकाराचा निर्णय असतो आणि त्याच्यामागे त्याची दृष्टी असते. गुणोत्तर चुकल्यामुळे येणारा बदल कोणाचाच निर्णय नसतो. १९८२ च्या एका शिफारशीतून निघालेला आकडा, एका आज्ञावलीने बदललेले मूल्य आणि एका प्रोग्रॅमने न वाचलेली नोंद यांचा तो परिणाम आहे. पहिल्या प्रकारच्या बदलाची समीक्षा करता येते, दुसऱ्या प्रकारच्या बदलाचे केवळ निराकरण करता येते. या दोहोंतील भेद न ओळखणारी समीक्षा यंत्राच्या योगायोगाला शैली म्हणण्याचा धोका पत्करते.

बोलपटांच्या बाबतीतही हा भेद उपयुक्त ठरतो. प्रभातच्या काळातील बोलपट आजच्या १६:९ पडद्याच्या मानाने अरुंद, जवळपास ४:३ प्रमाणाच्या चौकटीसाठी रचलेले आहेत. ते पडदा भरण्यासाठी ताणून दाखवले असता नटांचे चेहरे रुंद होतात आणि देहबोली बदलते. तेथे निदान मानवी चेहऱ्याचा पुरावा प्रेक्षकाला सावध करतो. दोन त्रिकोणांच्या वारली आकृतीला असा साक्षीदार नाही.

संपादनाची पथ्ये

वरील विवेचनातून काही व्यवहार्य पथ्ये निष्पन्न होतात. नव्याने चित्रण करताना चित्राच्याच प्रतलात, चित्राला स्पर्श न करता, ज्ञात मापाचा चौरस पुठ्ठा ठेवून किमान एक प्रतिमा घ्यावी. १० सेंटिमीटर बाजूचा पुठ्ठा यासाठी पुरेसा आहे. पुढे शंका आल्यास चौक नव्हे, पुठ्ठा चौरस करावा. चौक जसा उरेल तसा स्वीकारावा.

अरुंद घरात भिंतीसमोर सरळ उभे राहणे बऱ्याचदा शक्य नसते. तिरक्या कोनातून घेतलेल्या प्रतिमेत दूरची बाजू आखडते, तर भिंगामुळे कडा फुगतात. या विकृती पिक्सेलच्या गुणोत्तराहून भिन्न आहेत. गुणोत्तराची विकृती संपूर्ण चित्रावर एकाच दिशेने, एकसारखी पसरलेली असते आणि आकडा माहीत असल्यास ती पूर्णपणे परतवता येते. दृष्टिकोनाची विकृती चित्रात जागोजागी बदलते. दोहोंचे निदान वेगवेगळे व्हावे. प्रथम गुणोत्तर निश्चित करावे, नंतर कोन पाहावा. प्रतिमा ९० अंशांत फिरवायची असल्यास चौरस पिक्सेलमध्ये रूपांतर आधी करावे; अन्यथा रुंदीची चूक उंचीची चूक होऊन बसते आणि तिचा माग काढणे अधिक कठीण होते.

जुन्या फितींवरून प्रतिमा काढताना मूळ फाइल जशीच्या तशी जतन करावी. तिच्या पिक्सेलची संख्या, माध्यमाचा प्रकार, चौकट ४:३ की १६:९, वापरलेले गुणोत्तर आणि आज्ञावलीची आवृत्ती यांची नोंद प्रतिमेसोबत ठेवावी. ७२० बाय ५७६, ३५२ बाय २८८ आणि १४४० बाय १०८० ही मापे दिसताच संपादकाने थांबावे. चित्रफितीत चौकाखेरीज अन्यत्र समोरून दिसणारी, मूळ आकार निश्चित माहीत असलेली वस्तू सापडते का, हे पाहावे. कारखान्यात तयार झालेली थाळी समोरून दिसत असेल तर ती साक्षीदार ठरू शकते. तीच थाळी जमिनीवर तिरकी दिसत असेल तर नाही. रूपांतर एकदाच करावे, कारण प्रत्येक नव्या रूपांतरात नमुने पुन्हा मोजले जातात आणि रेषेच्या कडा बोथट होतात. वर्ड अथवा पॉवरपॉइंटमध्ये चित्राचा आकार बदलताना कोपऱ्याची खूण धरावी, बाजूची नव्हे. शेवटची सूचना क्षुल्लक वाटेल. तथापि महाविद्यालयीन लेखनातील ताणलेल्या चित्रांमागे ही साधी चूकच असू शकते.

प्रतिमेखालील ओळीत आज केवळ चित्राचे नाव व स्थळ दिले जाते. तीत ‘चित्रफितीवरून, गुणोत्तर १.०९४ धरून रूपांतरित’ एवढे शब्द वाढवले, तर पुढील अभ्यासकाला पाठभेद तपासण्याचा मार्ग मोकळा राहील. गुणोत्तर निश्चित करता येत नसेल तर तसे लिहावे. अनिश्चित पाठाखाली खूण करून तो छापणे ही चिकित्सक आवृत्तीची प्रतिष्ठित प्रथा आहे. चित्राला ती लागू न करण्याचे कारण नाही.

निष्कर्ष

पिक्सेलचे गुणोत्तर हा फाइलचा तांत्रिक गुणधर्म असला तरी चित्राच्या अर्थनिर्णयात त्याचा सहभाग आहे. प्रतिमेतील नमुने न बदलता केवळ गुणोत्तराच्या वाचनाने चित्र बदलते, म्हणून त्याला पाठ मानणे युक्त ठरते. हाताने काढलेल्या चित्रात यंत्राची विकृती आणि हाताचे वैशिष्ट्य यांत डोळ्याने भेद करता येत नाही, म्हणून दुरुस्तीचा आधार चित्राबाहेर शोधावा लागतो. वारली चित्रांना तीन आदर्श आकारांत बसवणारे रूढ सूत्र या दुरुस्तीला चुकीची दिशा देते, म्हणून त्या सूत्राचीही फेरतपासणी व्हावयास हवी.

तारापूरच्या वसाहतीत वस्तू नकाशाबरहुकूम आहे की नाही, हे मापाने ठरते. वारली चौकाचा नकाशा आधी कोठेही काढलेला नसतो. चौक हाच त्याचा नकाशा असतो. त्यामुळे त्याची प्रत करताना आदर्श कोणता, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. भिंतीवर काय होते, एवढेच विचारावे लागते. ते भिंतीवर आज उरले नसेल, तर त्याच्या एकमेव प्रतीची रुंदी आणि उंची सांभाळण्याची जबाबदारी ती प्रत वापरणाऱ्या प्रत्येक अध्यापकावर येते.